सागराची मर्यादा : काणकोणच्या किनाऱ्यावरील लोकजीवन आणि लोकाचार

श्रीमध्वाचार्यांच्या चरित्रातील एक प्रसंग माध्व परंपरेतील आबालवृद्धांच्या परिचयाचा आहे. उडुपीजवळच्या मळपे येथील पुळणीवर आचार्य असता द्वारकेकडून आलेले एक गलबत वादळात सापडले. आचार्यांनी आपल्या वस्त्राने खूण करून ते सुखरूप किनाऱ्यास लावले. कृतज्ञ नाखव्याने हवे ते मागून घेण्याची विनंती केली, तेव्हा गलबतातील मौल्यवान मालाकडे दृष्टीही न टाकता आचार्यांनी गोपीचंदनाचा एक गोळा तेवढा मागून घेतला. त्या गोळ्यातून बालकृष्णाची मूर्ती प्रकट झाली आणि तीच उडुपीस प्रतिष्ठित झाली, अशी परंपरेची श्रद्धा आहे.

या कथेतील दोन गोष्टी विशेष ध्यानी घेण्याजोग्या आहेत. संप्रदायाच्या मुख्य क्षेत्राचे माहात्म्य समुद्राच्या पुळणीवर आरंभले, ही एक. आणि सागर सर्व काही देऊ करीत असताही हवे तेवढेच घ्यावे, ही दुसरी. संस्कृत कवींनी समुद्राचे वर्णन करिताना त्याच्या विस्तारापेक्षाही त्याच्या मर्यादेचे कौतुक अधिक केले आहे. भरतीच्या वेळी कितीही उसळला तरी तो आपली वेला ओलांडीत नाही, म्हणून तो धीरोदात्त पुरुषाचे उपमान ठरला. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात प्रभू रामचंद्र तीन रात्री दर्भासनावर सागराची आराधना करितात आणि तो प्रसन्न होत नाही असे पाहून धनुष्य उचलतात. त्या वेळी प्रकट झालेला सागर, पंचमहाभूतांप्रमाणे आपणही आपल्या स्वभावधर्माने बांधलेले आहो, असेच निवेदन करितो. मर्यादापुरुषोत्तम आणि मर्यादाशील सागर यांची ही भेट होय. ज्या मठाचे आराध्य श्रीराम व श्रीवीरविठ्ठल आहेत, त्या मठाच्या भक्तांना या भेटीचा अर्थ निराळा सांगावयास नको. मठाच्या सान्निध्यातील काणकोणच्या किनाऱ्यावर हीच मर्यादा शतकानुशतके लोकाचाराच्या रूपाने कशी वावरली, ती कोठे भंगली व कोठे टिकली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

काणकोण हा गोव्याचा अगदी दक्षिणेकडील तालुका. येथे सह्याद्रीचे फाटे समुद्राच्या फार जवळ आले असल्यामुळे डोंगर, शेत, माड आणि पुळण ही सारी थोडक्या अंतरात एकमेकांस खेटून उभी आहेत. उत्तरेस काब द राम या नावाने ओळखले जाणारे भूशीर व त्यावरील जुना किल्ला. वनवासकाळात श्रीराम व सीतामाई येथे राहिली होती, अशी लोकांची समजूत. तेथून दक्षिणेकडे येता आगोंद, पाळोळे, पाटणे, राजबाग, तळपण आणि गालजीबाग या पुळणी लागतात, व कर्नाटकाच्या सीमेवर पोळे येथे गोव्याची किनारपट्टी संपते. खोतीगावच्या अरण्यातून उतरलेली तळपण नदी पर्तगाळीस मठाच्या पायऱ्यांना स्पर्श करून पुढे समुद्रास मिळते. भाविक तिला कुशावती म्हणतात. मठाच्या परिसरातील प्रचंड वटवृक्षाच्या छायेत उभा राहणारा यात्रिक ज्या पाण्यात हात बुडवितो, तेच पाणी काही मैलांवर खारे होते. मठ व समुद्र यांचे नाते असे प्रवाहाचेच आहे.

इतिहासाच्या दृष्टीनेही मठाची वाट किनाऱ्याच्या कडेनेच गेलेली दिसते. उडुपीच्या पलिमारू मठाच्या परंपरेतून १४७५ मध्ये श्रीनारायणतीर्थांपासून या गुरुपरंपरेचा आरंभ झाला. २०२५ मध्ये तिला ५५० वर्षे पूर्ण झाली. परंपरेचे आरंभीचे केंद्र असलेले भटकळ हे त्या काळचे गजबजलेले बंदर होते. पुढे सतराव्या शतकात पर्तगाळीस मठ स्थापन झाला. या मधल्या काळात गोव्यावर मोठे संकट कोसळले होते. १५१० मध्ये तिसवाडी व १५४३ मध्ये बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. १५६७ मध्ये साष्टीतील देवालये मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त करण्यात आली, आणि असंख्य कुटुंबांनी आपापली कुलदैवते घेऊन नद्या ओलांडल्या. कोणी अंत्रुजात आले, कोणी दक्षिणेस कारवार, अंकोला, गोकर्ण, मंगळूर व थेट कोचीपर्यंत गेले. या स्थलांतरात समुद्रकिनारा हाच अनेकांचा राजमार्ग झाला.

काणकोण त्या वेळी पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर, सोंदेकर राजांच्या अमलाखाली होते. हैदरअलीने सोंद्याचे राज्य घेतल्यावर सोंदेकर गोव्याच्या आश्रयास आले आणि १७६३-६४ च्या सुमारास काणकोण पोर्तुगीज अमलाखाली गेले. नव्या काबिजादींत मोडणाऱ्या या प्रदेशातील लोकांचे धर्माचार व रूढी जशाच्या तशा राहू देण्याचे धोरण त्या वेळेपावेतो राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. जुन्या काबिजादींत जे तुटले ते काणकोणात बऱ्याच अंशी अखंड राहिले, याचे कारण या दोन शतकांच्या अंतरात आहे. म्हणूनच किनाऱ्यावरील लोकाचाराचा अभ्यास करणाऱ्यास हा तालुका विशेष मोलाचा वाटतो.

या किनाऱ्यावर मुख्यत्वे पागी समाजाची वस्ती आहे. पागेर, म्हणजे हाताने फेकावयाचे जाळे, त्यावरून हे नाव आले असे सांगतात. त्यांच्या होड्या एका बाजूस उलांडी बांधलेल्या असत. जुन्या पद्धतीत फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याने शिवीत, त्यामुळे पुळणीवर आपटली तरी होडी लवचिकपणे धक्का सोशी. किनाऱ्यावरील सर्वांत मोठा उद्योग म्हणजे रापण. पाण्याचा बदललेला रंग आणि घिरट्या घालणारे पक्षी पाहून बांगड्यांचा वा तारल्यांचा थवा जाणकार माणूस ओळखी. मग होडी लांबच लांब जाळे अर्धवर्तुळाकार सोडीत जाई, आणि त्याची दोन्ही टोके पुळणीवरून ओढली जात. या ओढीला पन्नासांहून अधिक माणसांचे बळ लागे. जाळ्याच्या मालकास, होडीस व ओढणाऱ्या प्रत्येकास ठरलेला वाटा मिळे. वाटेने जाणाऱ्या कोणी दोरीस हात लावला तरी तो रिकाम्या हाताने परतत नसे.

रापणीच्या रचनेतच एक मर्यादा दडलेली होती, हे सहसा ध्यानात येत नाही. ती किनाऱ्याच्या आवाक्यापलीकडे जाऊ शकत नाही, एकट्यादुकट्यास ती ओढता येत नाही, आणि खवळलेल्या समुद्रात ती टाकताच येत नाही. जेवढे गावाच्या हातांना ओढता येईल तेवढेच समुद्राने द्यावयाचे, असा हा अलिखित करार होता. या करारावर केवळ किनाराच नव्हे, तर डोंगरही जगत होता. पाट्या डोक्यावर घेऊन कोळिणी आतल्या गावांत जात, आणि वेळीप-कुणबी शेतकऱ्यांकडून तांदूळ, नाचणी व मिरची घेऊन येत. खोल गावच्या उतारावर पिकणारी मिरची आता भौगोलिक मानांकनामुळे दूरवर नावारूपास आली आहे. किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरांना तिची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. नदीमुखाच्या खाजणांत बांध घालून आणि मानसीच्या दारांनी भरतीचे पाणी आवरून भात पिकविण्याची विद्याही याच करारातली. मानस म्हणजे समुद्रास बंद केलेले दार नव्हे; भरती-ओहोटीच्या वेळा पाळून उघडमीट करणारा तो उंबरठा होय.

या जीवनक्रमाचा कणा होता तो पावसाळ्यातील विराम. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मृगाच्या आगमनापूर्वी होड्या पुळणीवरून वर ओढून माडाच्या झावळ्यांनी शाकारीत. जाळी वाळवून, दुरुस्त करून माळ्यावर जात. घरोघरी पावसाळ्याची बेगमी होई. सुके मासे, मीठ, आमसुले, मिरच्या, फणसाच्या आठळ्या, साठवणीचे लोणचे या सर्वांस गोव्यात पुरुमेंत असे पोर्तुगीज भाषेतून आलेले नाव पडले. परंतु आचार मात्र त्याहून फार जुना आहे.

याच दिवसांत मठात चातुर्मास बसतो. वर्षाऋतूत भूमीवर असंख्य जीव जन्म घेतात, चालताना त्यांची हिंसा घडू नये, म्हणून संन्याशाने एके ठिकाणी वास्तव्य करावे, हे या व्रताचे मूळ प्रयोजन. किनाऱ्यावरचा विरामही प्रयोजनाने याहून निराळा नाही. पावसाळा हा अनेक जातींच्या मत्स्यांचा प्रजननकाल होय, हे शास्त्राने पुढे सिद्ध केले. शास्त्राचे नावही न ऐकलेल्या माणसांनी समुद्रास ही विश्रांती दिली होती. वादळाचे भय हे तिचे एक कारण असेल. परंतु भयास व्रताचे रूप देणे, हीच संस्कृतीची किमया असते. स्वामींचा चातुर्मास जसा मठात, तसा समुद्राचा चातुर्मास पुळणीवर पाळला जाई, असे म्हणावयास हरकत नाही.

या विरामाचा शेवट श्रावणी पौर्णिमेस होतो. किनाऱ्यावर ती नारळी पौर्णिमा; सागरास श्रीफळ अर्पण करून त्याची अनुज्ञा घेतल्यावरच होडी लोटावयाची. सारस्वतांच्या घरी तीच सुतांपुनव. त्या दिवशी नवे यज्ञोपवीत धारण करावयाचे. एक जण सूत्र बदलून आपल्या व्रताचे स्मरण करितो, दुसरा नारळ सोडून आपल्या व्रताची समाप्ती करितो. जाती भिन्न, व्यवसाय भिन्न, परंतु दिवस एकच. आणि हे केवळ हिंदूंपुरते नाही. बारदेशातील ख्रिस्ती मासेमार २९ जूनला संत पेद्रूच्या सणास होड्या एकत्र बांधून सांगोड सजवितात. तो सणही पावसाच्या तोंडी, जाळी बाजूस ठेवलेल्या दिवसांतलाच आहे. धर्म पालटला तरी समुद्राचे पंचांग पालटले नाही.

हे पंचांग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथमच मोडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत मासेमारीच्या आधुनिकीकरणास सरकारी उत्तेजन मिळून यांत्रिक ट्रॉलर आले. ट्रॉलरला किनाऱ्याच्या आवाक्याची अट नव्हती, गावाच्या हातांची गरज नव्हती. तळ खरवडून जाणारी त्यांची जाळी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, जेथे मत्स्यबीज वाढते तेथेच फिरू लागली, आणि पुळणीवरची रापण रिकामी येऊ लागली. १९७५ मध्ये गोव्यातील रापणकारांनी एकवट स्थापन केला. हिंदू व ख्रिस्ती रापणकार त्यात खांद्यास खांदा लावून उभे राहिले. मोर्चे, उपोषणे, समुद्रावरील झटापटी अशा दीर्घ संघर्षानंतर १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला व किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मासेमारांसाठी राखून ठेवण्याची तरतूद झाली. जे पूर्वी लोकाचाराने आपोआप होत होते, ते आता कायद्याने करवून घ्यावे लागले. आज सरकारी बंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा आहे. नारळी पौर्णिमा बहुधा त्यानंतर, ऑगस्टात येते. कायद्याची मुदत संपली तरी रूढीची संपलेली नसते. त्या उरलेल्या दिवसांत नारळाची वाट पाहणारा मासेमार आणि पहिल्याच दिवशी निघणारा ट्रॉलर यांतील अंतर हेच दोन युगांतील अंतर होय.

तथापि जुने ते सर्व निर्दोष होते, असे मानणे सत्यास सोडून होईल. गालजीबाग व आगोंद येथील पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री अंडी घालावयास येतात. मादी वाळूत खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने तो बुजविते आणि मागे न पाहता समुद्रात परतते. पूर्वी ही अंडी खणून काढून खाण्याची व विकण्याची चाल होती. देवळाच्या सभामंडपात कोरलेल्या कूर्मास वंदन करून आत जाणारे हातच पुळणीवरील कूर्माची घरटी रिकामी करीत. भगवंताच्या दुसऱ्या अवताराशी समाजाचे हे वर्तन विसंगत होते. परंतु ती विसंगती कोणाच्या मनास बोचत नव्हती.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या स्थितीत पालट झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांस संरक्षण दिलेले होतेच. पुढे वनखात्याने किनाऱ्यावरील लोकांनाच रक्षक नेमले. ज्या पावलांना अंडी शोधण्याची विद्या अवगत होती, तीच पावले आता रात्री गस्त घालून घरटी राखू लागली. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर पडतात आणि क्षितिजावरील उजेडाच्या रोखाने समुद्राकडे धाव घेतात. वाळू अधिक तापलेली असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक, असा निसर्गाचा नाजूक हिशेब आहे. मोठ्या झालेल्या माद्या पुढे अंडी घालावयास आपल्या जन्मभूमीच्या किनाऱ्याकडे परततात. ज्या समाजाचे पूर्वज किनारा सोडून गेले, आणि ज्याची लेकरे आजही पिढ्यान्‌पिढ्यांनंतर कुलदैवताच्या व मठाच्या ओढीने परत येतात, त्यास या परतण्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंपरा टिकविणे म्हणजे जुने जसेच्या तसे चालविणे नव्हे, तर तिच्यातील मूळ तत्त्व ओळखून चूक सुधारणे होय, याचे हे किनाऱ्यावरील उदाहरण आहे.

आता संकट आले आहे ते निराळ्या वाटेने. १९९० नंतर पाळोळ्याच्या चंद्रकोरीसारख्या पुळणीची कीर्ती देशोदेशी पसरली. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि काणकोण मुंबईशी व मंगळुराशी जोडले गेले. माडांच्या बनांत बांबूच्या झोपड्या उभ्या राहिल्या. रापणीची होडी प्रवाशांना डॉल्फिन दाखवावयास नेऊ लागली. यात अनेक घरांना प्रथमच स्थिर उत्पन्न मिळाले, मुले शिकली, हेही खरे आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने व तिच्या नंतरच्या २०११ आणि २०१९ च्या आवृत्त्यांनी बांधकामांस मर्यादा घातली. पावसाळ्यापूर्वी झोपड्या काढून घ्याव्या लागतात, म्हणजे पर्यटनासही समुद्राने आपला चातुर्मास पाळावयास लावलेच. परंतु झोपडीच्या जागी पक्की भिंत येते, वाळूच्या टेकड्या सपाट होतात, रात्रभर दिवे जळतात, आणि त्या उजेडाने भांबावलेली कासवाची पिले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात, तेव्हा मर्यादेचा भंग झालेला असतो.

त्या वाळूच्या टेकड्यांवर एक साधी वेल पसरते. तिची पाने दोन पाळ्यांची असून फुले जांभळट गुलाबी असतात. ती आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते आणि लाटांपासून मागच्या जमिनीचे रक्षण करिते. मराठीत तिचे नाव आहे मर्यादवेल. समुद्राची हद्द दाखविणाऱ्या वनस्पतीस पूर्वजांनी दिलेल्या या नावात त्यांचे सारे सागरविषयक शहाणपण साठलेले आहे.

मर्यादा वरच्या अंगास सुटली तर तिचे फळ खालच्यांना भोगावे लागते, हे २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणने अनुभवले. त्या दिवशी अल्पावधीत कोसळलेल्या अतिवृष्टीने डोंगरांचे कडे खचले, तळपण व गालजीबाग या दोन्ही नद्यांना महापूर आला, माणसे दगावली आणि शेकडो घरे जमीनदोस्त झाली. अतिवृष्टी मनुष्याच्या हाती नाही. परंतु डोंगरावरील झाड, नदीकाठचा मोकळा पूरपट्टा आणि किनाऱ्यावरील वाळूची टेकडी ही तिन्ही राखणे त्याच्या हाती आहे. अरण्य, नदी आणि सागर ही तीन क्षेत्रे नसून एकच क्षेत्र आहे, आणि मठ त्याच्या मध्यभागी उभा आहे.

मठाच्या उत्सवास देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे भक्तजन दर्शनानंतर सहकुटुंब समुद्रावर जातात, ही स्वाभाविक गोष्ट आहे. किनाऱ्यावरील व नदीकाठच्या पुष्कळ जमिनी अद्याप त्यांच्यापैकी अनेकांच्या कुळांकडे आहेत, आणि त्या विकाव्या की राखाव्या, हा प्रश्न आज ना उद्या त्यांच्या उंबरठ्यावर येणारच आहे. अशा वेळी मळप्याच्या पुळणीवरील आचार्यांचे स्मरण व्हावे. गलबत संपत्तीने भरलेले होते, मागावे ते मिळणार होते, आणि आचार्यांनी मागितला तो गोपीचंदनाचा गोळा. मागणे थोडे होते म्हणूनच त्यातून भगवंत प्रकट झाला. कासवीचे घरटे राखणारा रक्षक, नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटणारा पागी आणि चातुर्मासात एके ठिकाणी वास करणारे स्वामी हे तिघेही त्याच थोडक्या मागण्याचे उपासक आहेत.

सागराने आपली मर्यादा आजवर पाळली. त्याच्या काठी राहणाऱ्यांना आणि त्याच्या दर्शनास येणाऱ्यांना आपली मर्यादा पाळण्याची बुद्धी श्रीरामचंद्रांनी द्यावी, आणि पुढील शताब्दीच्या उत्सवास येणाऱ्या भक्तांसही गालजीबागच्या पुळणीवर कासवीच्या पावलांची नक्षी व तिच्या बाजूस फुललेली मर्यादवेल दिसावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.